भाऊसाहेबांचं पोट आणि बाईंची पदवी

मातीचं पहिलं पोतं घरात आलं तेव्हा भाऊसाहेबांनी एवढंच विचारलं, "खाली वर्तमानपत्र घातलंस ना?" दहावं पोतं आलं तोवर घरातली वर्तमानपत्रं संपली होती आणि भाऊसाहेबांचे प्रश्नही.

पोती आणली होती बाईंनी. बाई म्हणजे भाऊसाहेबांची पत्नी. शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवल्यामुळे त्यांना सगळेच बाई म्हणत. भाऊसाहेबसुद्धा चारचौघांत बाईच म्हणत आणि तसं म्हणताना नकळत ताठ उभे राहत. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, रक्तदाब मोजतात, जुने फोटो अल्बमात लावतात. बाईंनी शिल्पकलेच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. पहिलं वर्ष तिकडच्या तिकडे पार पडलं. भाऊसाहेबांना त्याची झळ लागली ती एवढीच, की दुपारचा चहा स्वतः करावा लागू लागला आणि तो बरा होत नाही हे कळलं.

दुसऱ्या वर्षी महाविद्यालयाच्या शिल्पशाळेचं छत गळू लागलं. दुरुस्तीसाठी टाळं लागलं आणि विद्यार्थ्यांना सूचना मिळाली, की अंतिम परीक्षेची माणसाएवढी मूर्ती प्रत्येकाने आपापल्या सोयीने करावी. कोणी गॅरेज शोधलं, कोणी गोदाम. बाईंची सोय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची, भाऊसाहेबांची बैठकीची खोली.

बाईंचे मार्गदर्शक तरुण होते, केसांची शेंडी बांधत आणि शाळेत असताना बाईंच्याच हाताखाली शिकलेले होते. सलग दोन वर्षं आकाश हिरवं रंगवल्याबद्दल बाईंनी त्यांना बाकावर उभं केलं होतं. बाई आता त्यांना न चुकता 'सर' म्हणत आणि दर 'सर'ला ते बिचारे खुर्चीत जरा खाली सरकत.

"बाई, ज्याला रोज बघता, त्यालाच करा," सर म्हणाले.

"सर, रोज मी यांनाच बघते."

"मग झालं तर."

"झालं काय सर? तुम्ही यांना नीट बघितलेलं नाही."

भाऊसाहेब शेजारीच बसले होते. पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही, कारण तोवर त्यांच्या डोळ्यांसमोर मूर्ती उभी राहिली होती. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. उजवा हात किंचित पुढे, डाव्या काखेत फाइल, नजर दूर जलाशयाकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोट, टाय आणि पॉलिश केलेले बूट घालून बैठकीच्या खोलीत येऊन उभे राहिले.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "कोट काढा. रोज बसता तसे बसा."

"रोज म्हणजे?"

"बनियनवर. डावा पाय उजव्या गुडघ्यावर. समोर पेपर."

"अगं, बनियनवर? परीक्षक बघणार, मुलं बघणार! मी हेडक्लार्क होतो."

"कोटातले हेडक्लार्क सगळ्या ऑफिसनं बघितलेत," बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक करू लागल्या. बाई पेन्सिलीला टोक करू लागल्या की विषय संपतो, हे तीस वर्षांत हजारो मुलांना कळलं होतं. भाऊसाहेबांनी टाय सोडला.

आता मातीच्या मूर्तीच्या आत सांगाडा लागतो, नाहीतर माती आपल्याच वजनाने खाली बसते. सांगाडा लोखंडी पाइपांचा, आणि पाइप म्हटल्यावर भाऊसाहेबांच्या अंगात बळ आलं. त्यांनी मोजमापासकट नकाशा काढला, कोपऱ्यात तारीख आणि सही केली, आणि खात्यातल्या जुन्या फिटरला बोलावलं. फिटरने नकाशा जमिनीवर पसरला.

"इथे टी, इथे एल्बो, हा आडवा दीड इंची. सगळं समजलं साहेब. नळ कुठे सोडायचा?"

"नळ नाही."

"मग पाणी कुठे जाणार?"

"पाणी नाही. हा मी आहे."

फिटरने नकाशा उलटा फिरवून पाहिला. मग भाऊसाहेबांकडे पाहिलं. "बसलेले आहात?"

"बसलेला आहे."

"मग बरोबर आहे," फिटर म्हणाला आणि कामाला लागला. चांगल्या कारागिराला एवढी माहिती पुरते.

पण पाइप जिन्यातून वर जाताना अख्ख्या इमारतीने पाहिले होते. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली, की भाऊसाहेबांनी खात्यातल्या ओळखीवर स्वतःपुरती वेगळी पाण्याची लाइन घेतली आहे. समोरच्या दारातल्या काकूंनी तर येऊन प्रेमाने विचारलं, "भाऊ, आमच्या बाथरूमलाही एक फाटा काढाल का?" तिसऱ्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं. घर नंबर नऊमध्ये अनधिकृत नळजोडणी चालू असल्याचं त्यांच्या निदर्शनास आलं होतं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत भाऊसाहेबांना असं पत्र आलं नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि उत्तर लिहिलं: 'सदर पाइपांतून पाणी वाहणार नसून त्यांवर खाली सही करणारा स्वतः बसणार आहे.' सेक्रेटरींना हे कळलं नाही. पुढे माती चढू लागली तेव्हा त्यांचं दुसरं पत्र आलं. तीनशे किलो वजनाची जी वस्तू आपल्या घरी आणली आहे ती फर्निचर आहे, पाहुणा आहे की भाडेकरू, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. भाऊसाहेबांनी मुदतवाढ मागितली. वास्तविक खुलासा पाच मिनिटांत झाला असता, पण मुदतवाढ न मागता दिलेलं उत्तर त्यांना पायजम्यावर बाहेर पडल्यासारखं वाटे.

मूर्ती मात्र भराभर वाढत होती, आणि तशी घरातली वर्दळही. वरच्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर राहत. निवृत्त झालेले, पण हात शिवशिवत असत. ते आले, मातीच्या गुडघ्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "हा गुडघा निरोगी आहे. यांचा असा नाही."

"माझ्या गुडघ्याला काय झालंय?" भाऊसाहेबांनी घाबरून विचारलं.

"अजून तुम्हाला कळलं नाही? कळेल."

तळमजल्यावरचे शिंपीकाका आले ते टेप गळ्यात घालूनच. त्यांनी मूर्तीच्या मागून, पुढून, बाजूने पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बाई, मानलं तुम्हाला! डावा खांदा बरोब्बर अर्धा इंच खाली धरलात."

"कोणाचा खांदा खाली आहे?" भाऊसाहेब म्हणाले.

"तुमचाच की. पंचवीस वर्षं मी तुमच्या प्रत्येक कोटात डावीकडे पॅड घालतोय. तुम्हाला कशाला बोलायचं म्हणून बोललो नाही."

त्या दिवशी भाऊसाहेब आरशासमोर बराच वेळ उभे होते. चौतीस वर्षं आपण सरळ माणूस आहोत या समजुतीवर त्यांनी नोकरी केली होती, आणि तो सगळा शिंप्याचा कापूस निघाला.

पण खांदा काय, गुडघा काय, हे दुय्यम. सहाव्या आठवड्यात बाईंनी पोट घेतलं.

पोट हळूहळू आलं. आधी बनियनच्या चुण्या आल्या, मग त्यांच्या खालून एक गोलाई आली, मग ती गोलाई मांडीवर येऊन निवांत टेकली. भाऊसाहेब रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर उभे राहत. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगदी हुबेहूब! आता बोलायचंच काय ते राहिलंय." भाऊसाहेबांना त्यांना पाण्याचा फाटा न दिल्याचं समाधान वाटलं.

परीक्षेला एकोणीस दिवस उरले असताना बाईंना तीन दिवसांसाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं. पदवीसाठी परिषदेत एक निबंध वाचणं सक्तीचं होतं. निघताना त्यांनी बजावलं, "दिवसातून तीनदा पाणी फवारायचं. ओलं फडकं गुंडाळायचं. वर प्लास्टिक. दुसरं काही करू नका."

"दुसरं मी काय करणार?" भाऊसाहेब म्हणाले. तेव्हा ते खरंच बोलत होते.

पहिला दिवस त्यांनी वेळापत्रकाप्रमाणे पाणी फवारलं आणि वहीत सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं काढलं तर उजेड नेमका बाजूने पडला होता. भाऊसाहेबांनी स्वतःला सांगितलं, की हे पोट वाईट नाही, फक्त दोन बोटं जास्त आहे. अशी किरकोळ दुरुस्ती मूळ मसुद्यात कोणीही करतं. बाईंचं तारेचं हत्यार तिथेच होतं. त्यांनी दोन बोटं काढली. मग डावी बाजू भरलेली दिसू लागली म्हणून तीही काढली. मग उजवी. प्रत्येक वेळी मागे सरून पाहत, मान तिरकी करत, अगदी बाईंसारखं. काढलेली माती त्यांनी बादलीत टाकली. पोट सपाट व्हायला लागलं आणि भाऊसाहेबांना चाळिशीत गेल्यासारखं वाटलं. आणखी एक हात फिरवला तसं आतून काहीतरी कर्रर्र वाजलं.

पोटातून पाइपाचा एल्बो डोकावत होता.

घाईघाईने त्यांनी बादलीतली माती घेऊन त्यावर थापली. ती बसेना. पाणी मारलं. अंमळ जास्तच मारलं. दोन मिनिटं सगळं स्तब्ध होतं. मग आख्खं पोट, छातीच्या दोन बरगड्यांसकट, सावकाश खाली सरकलं आणि फरशीवर 'थप्प' करून बसलं. खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला झाडूचा दांडा मारला.

संकटात माणूस जवळच्यांकडे धावतो. भाऊसाहेब शिंपीकाका आणि डॉक्टरांकडे धावले. दोघेही तत्परतेने आले. भाऊसाहेबांना बनियनवर स्टुलावर बसवलं गेलं. शिंपीकाकांनी पोटाची सहा ठिकाणी मापं घेतली, डॉक्टरांनी बरगड्या मोजल्या आणि एक जास्त आहे की काय असा संशय व्यक्त केला. दुपारपर्यंत दोघांनी मिळून पोट उभं केलं. ते दोन्ही बाजूंनी अगदी सारखं होतं, गुळगुळीत होतं, आणि मूर्तीने एखादी मोठी उशी पोटाशी धरल्यासारखं दिसत होतं.

"जरा मोठं नाही वाटत?" भाऊसाहेबांनी भीतभीत विचारलं.

"दीड इंच मार्जिन ठेवलंय," शिंपीकाका म्हणाले. "पुढेमागे आत घेता येईल."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. पिशवी खाली ठेवली, हात धुतले, फडकं काढलं आणि उभ्या राहिल्या. 

"कोणी केलं?"

"म्हणजे, सुरुवात मी केली. पुढे समिती होती."

त्यांना वाटलं, बाई ओरडतील. तीस वर्षं चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गावर पोसलेला आवाज होता तो. पण बाई खुर्चीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "चौतीस वर्षं तुम्ही फायली घरी आणत होतात. एका तरी कागदाला मी हात लावला?"

भाऊसाहेबांना दिसलं, की बाईंचे डोळे भरलेत. भाऊसाहेबांनी आयुष्यात बरेच ठपके खाल्ले होते, काही लेखीसुद्धा. असा कधी बसला नव्हता. ते आत गेले, शर्ट काढला, बनियनवर बाहेर आले आणि डावा पाय उजव्या गुडघ्यावर टाकून स्टुलावर बसले. पेपरही घेतला नाही. पाच मिनिटांनी बाई उठल्या, त्यांनी हत्यार घेतलं आणि शिंपीकाकांचं मार्जिन एका फटक्यात उतरवलं.

त्यानंतर भाऊसाहेब रोज सहा-सहा तास बसले. डॉक्टरांनी सांगितलेला गुडघा त्यांना चौथ्या दिवशी कळला, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. पाचव्या दिवशी मात्र राहवलं नाही.

"एवढं दिसतं का गं पोट?"

"दिसतं."

"मग दुसरं काही करायचं होतंस. हात कर. माझी सही चांगली आहे, सगळे म्हणायचे."

बाई मातीवर अंगठा फिरवत होत्या. तो न थांबवता म्हणाल्या, "ऑफिसात तुम्ही दिवसभर पोट आत ओढून बसायचात. साहेब आले की आणखी आत. घरी आलात, शर्ट काढला, खुर्चीत बसलात की ते सोडायचात आणि मग तुम्हाला माणसासारखं बोलता यायचं. ते सोडलेलं पोट मी एकटीनेच बघितलंय. मला तेच करायचं होतं. आता हलू नका."

भाऊसाहेब हलले नाहीत.

पोट पुन्हा झालं, पण नऊ दिवस गेले. मूर्तीचा प्लास्टरचा साचा काढून ती महाविद्यालयात न्यायला लागणारे दिवस उरले नाहीत, आणि ओली माती जिन्यातून नेली तर तळमजल्यावर नुसता पाइप पोचला असता. सर आले आणि केसांची शेंडी ओढत बसले. "बाई, नियम आहे. परीक्षा विभागाच्या कक्षातच व्हायला हवी. मूर्ती तिथे नसेल तर वर्ष जातं."

"जाऊ दे मग, सर," बाई म्हणाल्या. त्या 'सर'मध्ये नेहमीचा जोर नव्हता.

भाऊसाहेबांनी नियमांचं पुस्तक मागून घेतलं. छोट्या टाइपातली चौऱ्याऐंशी पानं. ते चष्मा लावून खिडकीपाशी बसले आणि एखाद्याने आवडीचं पुस्तक वाचावं तसे वाचत गेले. एकाहत्तराव्या पानावर त्यांचा चेहरा बदलला. विभागाची जागा दुरुस्तीसाठी बंद असल्यास प्राचार्यांना अन्य जागा 'तात्पुरता विस्तारित कक्ष' म्हणून जाहीर करता येईल.

"अन्य जागा म्हणजे कोणती, ते लिहिलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही लिहिलेलं," भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात चौतीस वर्षांचा अनुभव होता. "जे लिहिलेलं नाही, त्यात बैठकीची खोली बसते."

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, सोबत जोडपत्रं अ ते ऊ, खोलीचा नकाशा आणि छत गळत नसल्याचा दाखला. प्राचार्यांच्या कार्यालयातल्या कारकुनाने त्यात एकही चूक सापडली नाही म्हणून तो दोन दिवस अडवून ठेवला. इतका बिनचूक अर्ज त्याने पाहिला नव्हता. भाऊसाहेब जातीने गेले. दोघांमध्ये अर्धा तास काय बोलणं झालं कोणास ठाऊक, पण कारकून त्यांना दारापर्यंत सोडायला आला, आणि अर्जावर सही होती.

घर नंबर नऊच्या दारावर 'शिल्पकला विभाग, तात्पुरता विस्तारित कक्ष' अशी पाटी लागली. सेक्रेटरी धावत आले. राहत्या इमारतीत महाविद्यालय! भाऊसाहेबांनी त्यांना मंजुरीची प्रत दिली आणि परीक्षकांच्या स्वागताला इमारतीतर्फे कोणीतरी जबाबदार माणूस उभा राहायला हवा, असं सहज सुचवलं. परीक्षेच्या सकाळी सेक्रेटरी फाटकापाशी कोट घालून उभे होते.

परीक्षक तिघे. दोघे महाविद्यालयातले आणि तिसऱ्या बाहेरून आलेल्या एक वयस्क बाई. शिल्पकार होत्या, फार कमी बोलत. नातेवाइकांनी कक्षात थांबायचं नाही असा नियम असल्याने भाऊसाहेब स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या दारात डॉक्टर, शिंपीकाका आणि समोरच्या काकू एकमेकांच्या खांद्यांवरून आत बघत होते.

तिघांनी मूर्तीभोवती फेऱ्या मारल्या. "खांद्याचा उतार धाडसी आहे," एक जण म्हणाला. शिंपीकाकांनी दारात मान डोलावली. "पण पोट?" दुसरा म्हणाला. "पोटाच्या बाबतीत अतिशयोक्ती झाली आहे. बघून केलंय असं वाटत नाही."

"बघूनच केलंय," बाई म्हणाल्या.

"मॉडेल आहे का इथे?" वयस्क बाईंनी विचारलं.

मॉडेल म्हणून बोलावल्यावर नातेवाइकांचा नियम लागू होत नाही, याची मनातल्या मनात खात्री करून भाऊसाहेब बाहेर आले. मूर्तीशेजारी स्टूल ठेवलं होतं. त्यांनी शर्ट काढला, बसले, पाय गुडघ्यावर टाकला, पेपर धरला. तिघे परीक्षक मूर्तीकडे बघत, मग त्यांच्याकडे.

"बघा," दुसरा परीक्षक म्हणाला. "मी म्हणालो होतो. यांचं पोट असं नाहीच."

बाईंनी चमकून पाहिलं. भाऊसाहेब ताठ बसले होते, पोट पाठीला लावून. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. समोर तीन अधिकारी होते. त्यांच्या हातांत कागद होते. चौतीस वर्षांची सवय आपलं काम करत होती.

बाई नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

भाऊसाहेबांनी दाराकडे पाहिलं. डॉक्टर होते, शिंपीकाका होते, काकू होत्या, आणि आता कोटातले सेक्रेटरीही वर आले होते. त्यांनी एक लांब श्वास घेतला, तो सोडला आणि श्वासाबरोबर बाकीचंही सगळं सोडलं. पोट सावकाश पुढे आलं, मांडीवर टेकलं आणि थांबलं. खांदे उतरले. चेहऱ्यावरचा हेडक्लार्क निघून गेला.

वयस्क बाई कितीतरी वेळ बघत होत्या. एकदा मातीच्या पोटाकडे, एकदा खऱ्या पोटाकडे. मग बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "किती वर्षं बघताय यांना?"

"छत्तीस."

"दिसतंय," त्या म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

निकाल रीतसर महिन्याने लागायचा होता. पण सरांना परीक्षकांच्या कागदावरचा आकडा दिसला होता आणि ते गुपित त्यांना पेलत नव्हतं. बाकीचे जिना उतरू लागल्यावर ते मागे थांबले आणि म्हणाले, "पहिला वर्ग, बाई." मग शाळेतल्यासारखे हात मागे बांधून उभे राहिले. बाईंनी त्यांच्या डोक्यावर चापट मारावी तसा हात ठेवला आणि "बरं, सर" म्हणाल्या. तो हात मातीने माखलेला होता. सर तसेच गेले.

पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडलं पाहिजे म्हणून भाऊसाहेबही खाली गेले. वयस्क बाईंसाठी गाडीचं दार उघडलं, नियमांच्या एकाहत्तराव्या पानाबद्दल सरांशी दोन शब्द बोलले, सेक्रेटरींचे आभार मानले. परत येताना पहारेकऱ्याने विचारलं, "काय साहेब, उकडतंय का?" तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. अंगात बनियन होतं. भर दुपारी, भर रस्त्यावर, तीन अधिकाऱ्यांना निरोप देताना.

ते क्षणभर थांबले. मग "नाही, ठीक आहे," म्हणाले आणि सावकाश परत निघाले. शिंपीकाकांच्या दुकानापाशी थांबून दोन मिनिटं बोलले. काकूंना निकाल सांगितला.

वर बाई मूर्तीवर ओलं फडकं गुंडाळत होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि हात थांबवला.

"अहो, तुम्ही असेच खाली गेला होतात?"

"हो," भाऊसाहेब खुर्चीत बसत म्हणाले. "कोणी हरकत घेतली नाही."